सात बेटं तिकडची, सात बेटं इकडची: सेतोच्या समुद्रातली कला आणि आपली बेटं

सागरगोटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे काही वर्षं कोबेत राहते. २०२५ च्या वसंतात आई-बाबा इथे आले होते. क्योतो झालं, नारा झालं, मग बाबा म्हणाले, "देवळं पुष्कळ बघितली, आता कुठेतरी पाण्यावर ने." आमचं गाव राजापूर तालुक्यात, अगदी खाडीला लागून. पाणी दिसलं नाही की बाबांना चार दिवसांत चुकल्यासारखं होतं. तेव्हा सेतोच्या समुद्रातल्या बेटांवर पाच दिवस काढले. परत आल्यापासून डोक्यात जे घोळतंय ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांच्या मधला हा समुद्र उथळ आणि शांत आहे. त्यात शेकडो लहान बेटं आहेत. दिसायला इतकी देखणी की कुणीही म्हणेल, इथे माणसं सुखात असणार. पण त्यांचा विसाव्या शतकातला इतिहास वाचला की पोटात कालवतं. नाओशिमावर १९१७ मध्ये तांब्याची भट्टी आली आणि तिच्या धुराने उत्तरेकडचे डोंगर बोडके झाले. इनुजिमावर १९०९ मध्ये तांबं गाळायचा कारखाना निघाला आणि भाव कोसळल्यावर दहा वर्षांत बंद पडला. विटांच्या चिमण्या तशाच उभ्या राहिल्या. तेशिमावर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० पर्यंत कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला गेला. ओशिमावर कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवलं. शहरांना जे जवळ नको होतं ते बोटीत घालून बेटांवर सोडलं, असंच म्हणावं लागतं.

आणि आता याच बेटांवर जगभरातून लोक कला बघायला येतात. १९८५ मध्ये नाओशिमाचे तेव्हाचे महापौर आणि ओकायामातल्या एका प्रकाशन कंपनीचे संस्थापक फुकुताके यांची भेट झाली, तिथून याची सुरुवात. संस्थापक लवकरच वारले, मुलाने काम पुढे नेलं. १९९२ मध्ये वास्तुकार तादाओ आंदो यांनी बांधलेलं पहिलं संग्रहालय उघडलं, २००४ मध्ये डोंगराच्या पोटात पुरलेलं चिचू संग्रहालय झालं. २०१० पासून दर तीन वर्षांनी 'सेतोउची त्रिनाले' हा कला महोत्सव भरतो. पहिला महोत्सव सात बेटांवर होता आणि त्याला ९ लाख ३८ हजारांच्या आसपास लोक आले.

सात बेटं हे वाचून मुंबईच्या माणसाला काय आठवेल ते सांगायला नको. त्यावर शेवटी येते.

आधी मला एका घराबद्दल सांगायचंय. नाओशिमाच्या होनमुरा गावात लाकडी घरांच्या अरुंद गल्ल्या आहेत. १९९८ पासून तिथल्या ओस पडलेल्या घरांमध्ये एकेका कलावंताने काम केलंय. पहिलं घर 'कादोया'. कादोया म्हणजे कोपऱ्यावरचं घर, आणि हे नाव कलावंताने दिलेलं नाही. त्या गावात घराला आडनावापेक्षा वेगळं, वापरातलं नाव असतं, त्याला यागो म्हणतात. आता गल्लीतल्या बऱ्याच घरांवर त्याच्या पाट्या लावल्या आहेत. हे समजावून सांगितलं तर बाबा पटकन म्हणाले, "मग आपलं काय? वरचं घर, खालचं घर, विहिरीकडचं, पिंपळाकडचं. आडनाव सगळ्यांचं एकच, हाक मारायची कुणाला?"

आत शिरल्यावर आधी डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग कळतं की जिथे जमीन हवी तिथे उथळ पाणी आहे, आणि पाण्यात आकडे लुकलुकतायत. १ ते ९. एखादा भराभर पळतो, एखादा इतका सावकाश बदलतो की बंद पडलाय असं वाटतं. शून्य दिसत नाही, शून्याच्या जागी दिवा विझतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. मियाजिमा तात्सुओ या कलावंताचं हे काम, नाव 'काळाचा समुद्र ९८'. एकूण १२५ आकडे. प्रत्येकाचा वेग बेटावरच्या एका माणसाने ठरवलेला आहे, वय वर्षं ५ पासून ९५ पर्यंतच्या माणसांनी.

बाबा काठाच्या फळीवर बसले ते उठेनात. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली ना? म्हणजे यातली कितीतरी माणसं आता नसतील. आकडा चालूच आहे."

संग्रहालयांमध्ये मी मोनेची कमळं पाहिली, इतर मोठमोठ्या नावांची कामं पाहिली. पण 'हे काम दुसरीकडे हलवलं तर मरेल' असं मला या अंधाऱ्या घरात वाटलं. तिथल्या लोकांचा हात त्या पाण्यात आहे.

दुसरी जागा तेशिमाचं कला संग्रहालय. 'तेशिमा' लिहितात त्या चिन्हांचा अर्थ भरल्या घरासारखा, समृद्धीचं बेट. इथे पाणी मुबलक, भातशेती होती. कचऱ्याच्या प्रकरणानंतर याच नावाला लोक कचऱ्याचं बेट म्हणायला लागले. गावकरी वर्षानुवर्षं लढले, २००० मध्ये समझोता झाला आणि ९ लाख टनांहून जास्त कचरा आणि दूषित माती बोटींनी शेजारच्या नाओशिमावर नेऊन तिथे नष्ट केली. ते काम २०१७ पर्यंत चाललं. म्हणजे २०१० मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा बेटाच्या एका टोकाला कचरा उपसणं चालूच होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळं स्वच्छ झाल्यावर वरून सजावट केली, असं घडलेलं नाही.

इमारत म्हणजे खांब नसलेलं काँक्रीटचं एकच कवच, ४० बाय ६० मीटर, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं. वास्तुकार र्युए निशिझावा. मातीचा ढीग रचून त्यावर काँक्रीट ओतलं आणि मग आतली माती काढून घेतली. छताला दोन मोठी भोकं, काच नाही. पाऊस आत येतो, वारा येतो, पाखरंही येतात. आत चित्र नाही, मूर्ती नाही. रेई नाइतो यांचं काम म्हणजे जमिनीतल्या सुईएवढ्या छिद्रांतून उगवणारं पाणी. थेंब येतो, जरा थरथरतो, घरंगळतो, दुसऱ्याला मिळतो आणि अळवाच्या पानावरून जावा तसा सरकत मोठ्या डबक्यात जातो. बूट काढून जायचं, बोलायचं नाही. आई गुडघेदुखी विसरून खाली बसली आणि एका थेंबाच्या मागे नजर लावून राहिली. बाहेर आल्यावर समोर भाताच्या खाचरांच्या पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. पडीक पडलेली ती खाचरं गावकऱ्यांच्या साथीने पुन्हा लावती केली आहेत. आई म्हणाली, "आत ते पाणी बघितलं म्हणून बाहेरची शेती दिसली, नाहीतर मी सरळ बसस्टॉपवर गेले असते."

आता माझा प्रश्न. मुंबईही सात बेटांची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. शाळेत पाठ केली होती. पण आपण बेटावर राहतो ही जाणीव मुंबईच्या माणसाला रोजच्या जगण्यात कधी होते का? आणि आपल्या बेटांबद्दल, खाड्यांबद्दल असं काम कुणी केलंय का? माहीत असेल त्यांनी लिहा.

खाडीपलीकडे

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. कादोयाचे फोटो टाका ना.

सागरगोटा

धन्यवाद. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

तिसरी_घंटा

लिहिलंय मनापासून, म्हणून मीही मनापासूनच विरोध करतो. राग मानू नये.

एका श्रीमंत कंपनीने एका बेटावर पैसा ओतला, नामवंत वास्तुकार आणले, आणि आता ते बेट म्हणजे यायोई कुसामा या कलावंत बाईंच्या पिवळ्या भोपळ्याच्या शिल्पापुढे फोटो काढायची जागा. २०२१ च्या वादळात भोपळा समुद्रात वाहून गेला तर जगभर बातम्या झाल्या, पुढच्या वर्षी नवा आणून बसवला. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याचं घर वाऱ्याने पडलं असतं तर एवढी बातमी झाली असती का? नाओशिमाची वस्ती आज ३ हजारांच्या आसपास आहे, १९५० च्या दशकात यापेक्षा कितीतरी जास्त होती. कला येऊनही माणसं कमीच होत गेली.

आणि १२५ जणांनी एकदा वेग ठरवला म्हणून काम त्यांचं होतं का? कल्पना कलावंताची, नाव कलावंताचं, तिकीट संस्थेचं. मी हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काम केलंय. गावात जाऊन गावकऱ्यांना दोन वाक्यं द्यायची आणि 'गावाचं नाटक' म्हणून शहरात प्रयोग लावायचे, हे मी जवळून पाहिलंय. एकदा स्वतः केलंही आहे, आणि त्याची बोच अजून आहे.

ओकायामाकर

नाओशिमाची बोट सुटते त्या उनो बंदरापासून मी तासाभरावर राहतो, त्यामुळे ही बेटं माझ्यासाठी शेजार आहे. तिसरी_घंटा, तुमच्या भोपळ्याच्या मुद्द्याशी सहमत. पण नाओशिमा म्हणजे सगळी बेटं नव्हेत. तुम्ही ओशिमाला जायला हवं.

ओशिमावर 'सेइशोएन' हे कुष्ठरोग्यांचं सरकारी वसतिस्थान १९०९ मध्ये सुरू झालं. रोग्यांना सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा रद्द व्हायला १९९६ साल उजाडलं. औषध तर त्याच्या कितीतरी आधीच आलं होतं. माणसं बरी झाली, पण घरच्यांनी नाव टाकलेलं, परतायला गाव नाही. कित्येकांनी घराण्याला डाग नको म्हणून नावं बदलली होती. आज मोजकेच वृद्ध उरले आहेत, सरासरी वय ऐंशीच्या वर.

२०१० पासून कलावंत नोबुयुकी ताकाहाशी आणि त्यांचे सहकारी तिथे काम करतायत. त्यांनी नवं काही उभारण्याआधी तिथल्या रहिवाशांच्या वस्तू जमवल्या आणि मांडल्या. त्यात एक काँक्रीटचं टेबल आहे. मेल्यावर तिथल्या माणसांच्या शरीराची चिरफाड ज्यावर करत, ते. ते समुद्रात टाकून दिलं होतं, बाहेर काढून उघड्यावर ठेवलंय. शेवाळ, शिंपले चिकटून कडा झिजल्यात. कुणी समजावून सांगायला लागत नाही. मी त्याच्याजवळ दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकलो नाही.

तिथे आणखी एक गोष्ट कायम लक्षात राहते. रस्त्यांवर पांढऱ्या रेघा आहेत आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कर्ण्यांतून मंद सूर वाजत असतात. दृष्टी गेलेल्या रहिवाशांना कुठे आहोत ते कळावं म्हणून. ही कलाकृती नाही, महोत्सवाच्या कितीतरी आधीपासूनची सोय आहे. पण ती ऐकत चालताना त्या बेटाचा नकाशा कानात तयार होतो. कलावंतांनी ती तशीच राहू दिली, तिच्यावर आपलं काही चढवलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

माझे आजोबा वरोऱ्याचे. बाबा आमट्यांचं आनंदवन आम्ही लहानपणी सुट्टीत बघायला जायचो. तिथेही माणसं टाकून दिलेलीच होती, पण त्यांनी शेती केली, माग चालवले, गाव उभं केलं. ओशिमावर समुद्र आडवा होता आणि कायदाही. तिथे उभं राहिल्यावर हा फरक मला फार जड गेला.

सागरगोटा

ओकायामाकर, आम्ही ओशिमाला गेलो नाही. आई-बाबांना झेपेल का असं वाटलं होतं. आता वाचून चूक केली असं वाटतंय.

तिसरी_घंटा, राग कसला. वस्तीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पण एक ओगिजिमा बेटाचं सांगते. दोनशेपेक्षा कमी वस्ती, घरं डोंगरावर एकाच्या डोक्यावर एक, गल्ल्यांत गाडी जात नाही. म्हाताऱ्या बायका सामान न्यायला चार चाकांची ढकलगाडी वापरतात, तिला 'ओन्बा' म्हणतात. २०१० मध्ये काही कलावंतांनी या बायकांच्या ओन्बा त्यांना हव्या तशा रंगवून, दुरुस्त करून द्यायला तिथे एक कार्यशाळाच काढली. महोत्सव संपल्यावर गाड्या कुठल्या दालनात गेल्या नाहीत, त्याच गल्ल्यांतून भाजी नि माती वाहत राहिल्या. मला एक आजी भेटल्या, त्यांच्या गाडीवर मासे रंगवलेले. गाडी चढावर लावून त्या वळल्या आणि आईला हाताने बसायची खूण केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पंधरा मिनिटं गुडघ्यांवर बोलल्या.

आणि तिथली बंद पडलेली शाळा २०१४ मध्ये पुन्हा उघडली. मूळची बेटावरची कुटुंबं मुलांना घेऊन परत राहायला आली आणि त्यांनी शाळा मागितली. सगळं श्रेय कलेला देणार नाही. पण महोत्सवाला आल्यावर आपलं गाव त्यांना पुन्हा दिसलं, एवढं तर झालं.

नकाशेवाला

धागा उशिरा पाहिला. मुंबईबद्दलचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे.

२००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'सोक' नावाचं प्रदर्शन झालं होतं. अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा या वास्तुरचनाकारांचं. त्यांच्या मते, आपण 'सात बेटं' म्हणतो हीच मुळात नकाशा काढणाऱ्यांची नजर आहे. कोरड्या दिवसात मोजणी केली, पाणी आणि जमीन यांच्यामध्ये एक रेघ ओढली आणि रेघेच्या आतल्याला बेट म्हटलं. प्रत्यक्षात इथे खाजण, चिखल, तिवरं, भरती-ओहोटी, चार महिने पाऊस. रेघ रोज दोनदा हलते. मुंबई हे बेट नसून खाडीचं मुख आहे, असं ते म्हणतात. त्यांनी जुने नकाशे, छेदचित्रं, छायाचित्रं यांतून भिजलेली मुंबई काढून दाखवली. मागे २६ जुलै २००५ चा दिवस होता, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस. त्या दिवशी मिठी नदीने स्वतःची जागा परत घेतली होती, नकाशावरची रेघ तिला ठाऊक नव्हती.

अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीने वरळीची खिंड बांध घालून बुजवली, तिथून या रेघा दगडी होत गेल्या. आता किनारी रस्ता झाला. वरळीच्या कोळ्यांनी बोटी जायला दोन खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं, लढून ते ६० मीटरवरून १२० मीटर झालं. समुद्र वाचता येणाऱ्या माणसाला त्या खांबांमध्ये काय दिसतं, हे नकाशात कुठे लिहिलेलं नसतं.

आजच्या कलावंतांपैकी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल बघा. ते स्वतः कोळी. कादंबरी कोळी आणि त्यांनी मिळून 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' उभं केलंय. कोळ्यांच्या वस्तू, आठवणी, पाककृती यांचा संग्रह समाजाच्या आतून करायचा, असं ते काम आहे.

वलांडी

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण कोळ्यांचं आलं म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यात भिंती रंगवायला मंडळी आली. चांगली मुलं होती, उन्हातान्हात राबली. कोळणीचं मोठं चित्र काढलं, डोक्यावर टोपली, नाकात नथ. आमच्या आईने ते बघितलं आणि विचारलं, "ही कोन? आपल्यातली नाय." साडी नेसायची पद्धत चुकलेली होती. आमच्याकडे ती कशी नेसतात ते दाखवायला चित्रासमोरच पन्नास बायका बसल्या होत्या, कुणी विचारलं नाही. पुढे ज्या भिंतीवर बोंबील सुकवायची वलांडी टेकवायचो, तिथे फोटोवाल्यांची गर्दी व्हायला लागली आणि आम्हालाच सांगायला लागले, जरा वास येतो, बाजूला घ्या.

म्हणून तिसरी_घंटा यांचं मला पटलं. आणि सागरगोटाताईंचं ते आकड्यांचं घरही पटलं. आमच्या भिंतीसाठी कुणी येऊन एवढंच म्हणालं असतं की तुमच्यातले सव्वाशे जण सांगा, काय काढू, तर आई पहिली उभी राहिली असती.

बेटाबद्दल एक सांगते. आईला विचारलं, आपण बेटावर राहतो असं तुला वाटतं का? ती म्हणाली, "बेट तुमच्या शालेतला. आमाला दर्या." तिच्या हिशेबात जमीन ही जाळं सुकवायची, मीठ लावायची, झोपायची जागा. गाव पाण्यात आहे. डोल म्हणजे मोठं जाळं कुठे लावायचं, खुंट कुठे रोवलेत, उधाणाला कुठे पाणी ओढतं, भांगाला कुठे सुस्त होतं, कुठल्या खडपाला जाळं अडकतं. त्या सगळ्याला नावं आहेत. बाबा गेले, आता ती नावं पूर्ण येणारी आमच्या घरात ती एकटीच. दादाकडे जीपीएस आहे, त्यात जागेचा आकडा दिसतो, नाव दिसत नाही.

तिसरी_घंटा

वलांडीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं एक वाक्य मागे घेतो. वेग ठरवणं म्हणजे काहीच नाही, असं मी सुचवलं होतं. तुमच्या आईला नेसण्याबद्दलही कुणी विचारलं नाही, हे वाचल्यावर विचारणं केवढं असतं ते कळलं.

तिकीट आणि नाव यांबद्दलचा आक्षेप मात्र कायम.

मांडवी_ते_दिवाडी

गोव्यातून लिहितोय. आमचं दिवाडी बेट मांडवीत आहे. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून फेरीबोट. आमच्याकडे संग्रहालय नाही, पण बेटाची ओळख मांडायची एक रीत फार जुनी आहे. ऑगस्टात बोंदेरा होतो. पूर्वी गावांच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीवर झेंडे रोवायचे आणि दुसऱ्या वाड्याची माणसं ते पाडायची. त्याची आठवण म्हणून आता वाड्यावाड्यांच्या मिरवणुका निघतात, झेंडे नाचवतात, बांबूच्या नळीतून रानफळं उडवतात. त्या नळीला फोटाश म्हणतात. लहानपणी कानामागे एक फळ बसलं होतं, जागा अजून दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट दुःखाची. दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान होतं. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला, तिथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. बेटावरच्या गावाचं नाव नार्वे, पलीकडच्या गावाचंही नार्वे. देवाबरोबर नावही होडीत बसून गेलं असं आमची आजी सांगायची. एखाद्या कलावंताने दोन्ही काठांवर उभं राहून यावर काही करावं अशी माझी फार इच्छा आहे. पण करण्याआधी दोन्ही नार्व्यांच्या ओट्यांवर बसून ऐकावं.

उरणकर_मोरा

बेटाची वस्तू बेटाबाहेर गेल्याचं आमच्याकडचं उदाहरण देतो. घारापुरीला जग एलिफंटा म्हणतं ते पोर्तुगिजांनी तिथे पाहिलेल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती घारापुरीवर नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलला, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून उभा केला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आहे. अंगावरचे सांधे जवळून बघितले तर दिसतात. पोरं त्याच्यासमोर कुल्फी खातात, हा कुठून आलाय हे बहुतेकांना माहीत नसतं.

बेटावर राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तीन गावं. लेणी जागतिक वारसा यादीत १९८७ पासून, आणि गावांत कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. माझी मावशी तिथली. वीज आली त्या रात्री ती दिवा लावून झोपली नाही, नुसती बघत बसली. समोर मुंबईचा झगमगाट तिने जन्मभर अंधारातून पाहिला होता. सेतोउचीसारखं काही घारापुरीला व्हायचं असेल तर लेण्यांच्या पायऱ्यांवर थांबू नये, मावशीच्या ओट्यापर्यंत यावं.

खाडीपलीकडे

हत्तीच्या समोर मी शंभरदा उभी राहिले असेन. हे माहीतच नव्हतं! या रविवारी मुलीला घेऊन जाते आणि सांधे शोधते.

सागरगोटा, जायचं असेल तर किती दिवस काढावेत?

सागरगोटा

किमान तीन. ओकायामाहून उनोला लोकल, तिथून नाओशिमाच्या मियानोउरा धक्क्याला बोट, वीस मिनिटं. चिचू आणि तेशिमा संग्रहालयाची वेळ आधीच ऑनलाइन घ्यावी लागते. सोमवार-मंगळवार टाळा, बरंच काही बंद असतं. शेवटच्या बोटीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा, ती चुकली तर रात्र बेटावर. शाकाहारी असाल तर डबा बरोबर हवाच, आईने थेपले नेले होते.

ओकायामाकर

यात एक भर. आवाशिमा नावाचं बेट आहे, २०१३ मध्ये महोत्सवात सामील झालं. तिथल्या बंद पडलेल्या टपाल कचेरीत साया कुबोता या तरुण कलावंत मुलीने 'भरकटलेल्या पत्रांची टपाल कचेरी' मांडली. ज्याचा पत्ता उरलेला नाही त्याला पत्र लिहून इथे पाठवायचं. गेलेल्या आईला, जन्माला न आलेल्या मुलाला, हरवलेल्या मित्राला. महोत्सव महिन्याभरात संपला, पत्रं थांबेनात, म्हणून कचेरी चालूच ठेवली. त्याच कचेरीत आयुष्य घालवलेले निवृत्त पोस्टमास्तर पुढे बरीच वर्षं तिथे बसून पत्रं सांभाळत राहिले. येणाऱ्याने कुठलंही पत्र उघडून वाचावं, आणि हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर घेऊन जावं.

मी एक लिहून टाकलंय. कुणाला ते इथे सांगत नाही.

नकाशेवाला

वलांडी, एक विनंती. आईंना येणारी पाण्यातल्या जागांची नावं लिहून ठेवाल का? नकाशावर बसवायची असतील तर मी मदत करेन. पण आधी तुमच्या वहीत, तुमच्या क्रमाने. इथे टाकायची की नाही हे आईंनी ठरवायचं.

वलांडी

कालच विचारलं. आधी म्हणाली, कशाला, कोण वाचणार. मग भांडी घासता घासता सुरू झाली. मी वही आणेपर्यंत सहा सांगून झाली होती, परत म्हणायला लावली तर चिडली. रात्रीपर्यंत एकोणतीस झाली. क्रम तिने स्वतः लावला, बंदरातून निघाल्यावर व्हडीला जसं जसं लागतं तसा.

सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, तिसावं राहिलं. बाबा एकटेच ते नाव घ्यायचे, बाकी कुणी नाही. मी पान उलटलं, तिने ते सांगितलं, आणि लिहून झाल्यावर वही स्वतःकडे ठेवून घेतली. म्हणाली, हे शेवटचं इंटरनेटवर द्यायचं नाही.